सिरियल लिंकवरचा ब्लूटूथ नीट बंद कसा करायचा

निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या द्राक्षबागांत पानांवरचा ओलावा, हवेतली आर्द्रता आणि तापमान मोजणारे सेन्सर आता नवे राहिलेले नाहीत. डावणी-भुरी या बुरशीच्या रोगांवरची फवारणी कधी घ्यायची, याचा अंदाज त्यावरून बांधतात. सेन्सर ब्लूटूथवर बोलतात, शेडमधला छोटा गेटवे ते ऐकतो आणि आकडे पुढे पाठवतो. शेतीपंपाच्या फीडरवरची वीज ठरावीक तासांची. ती गेली की गेटवे बॅटरीवर जातो, बॅटरी उतरू लागली की स्वतःहून बंद होतो आणि वीज आली की पुन्हा उठतो. ऑफिसातला कॉम्प्युटर आठवड्यातून एकदा रीस्टार्ट होत असेल, तर या गेटवेच्या नशिबी ते रोजचंच. मग फोन येतो: रात्री सगळं नीट होतं, सकाळी लाइट आल्यावर सेन्सर दिसेनात, प्लग काढून पुन्हा लावला की चालतं.

अशा तक्रारीत सगळे चालू होण्याचा कोड तपासत बसतात. दोष बहुतेक वेळा आदल्या रात्रीच्या बंद होण्यात असतो. खालची पद्धत लिनक्सवर चालणाऱ्या आणि ब्लूटूथ चिप यूआर्टवर (साध्या सिरियल पोर्टवर) जोडलेल्या बोर्डांसाठी आहे. अंबड-सातपूरच्या युनिटांत कंट्रोलर बनवणाऱ्यांना ती झिगबी किंवा लोरा या दुसऱ्या वायरलेस मॉड्यूललाही जवळजवळ तशीच लावता येईल. फंक्शनची नावं देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये शब्दांच्या मधल्या जागी अंडरस्कोर असतो.

वायरवर काय चालतं

होस्ट (लिनक्स चालवणारा मुख्य प्रोसेसर) आणि चिप यांच्यात टीएक्स (पाठवायची), आरएक्स (घ्यायची), आरटीएस-सीटीएस (पाठवायची परवानगी देण्या-घेण्याच्या, म्हणजे फ्लो कंट्रोलच्या) आणि ग्राउंड अशा पाच वायरी असतात. शिवाय चिप चालू-बंद करणारी एनेबल पिन, आणि काही बोर्डांवर एकमेकांना उठवायच्या एक-दोन वेगळ्या लाइन. यूएसबीसारखं ‘उपकरण निघालं’ असं सांगणारी सोय इथे नाही. चिप मेली काय, झोपली काय, की दुसऱ्याच वेगाने बोलायला लागली काय, होस्टला फक्त शांतता ऐकू येते. म्हणून बंद होताना कोण कुठल्या अवस्थेत आहे याचा हिशोब ड्रायव्हरलाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या (कर्नलमधल्या) चिप हाताळणाऱ्या कोडलाच, ठेवावा लागतो.

एच-४ या सगळ्यात साध्या प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक पॅकेटच्या पुढे एक बाइट लागतो: ०१ म्हणजे कमांड, ०२ एसीएल (साधा) डेटा, ०३ आवाज, ०४ इव्हेंट (चिपकडून येणारा निरोप), ०५ आयसो (ठरल्या वेळेचा डेटा). रीसेटची कमांड ‘०१ ०३ ०सी ००’ अशी चार बाइटची, आणि तिचं निरोगी उत्तर ‘०४ ०ई ०४ ०१ ०३ ०सी ००’. हे सात बाइट पाठ करून ठेवा. लॉजिक अनॅलायझरवर (वायरींवरचे सिग्नल टिपणाऱ्या यंत्रावर) ते दिसले की चिप जिवंत आहे, वेग जुळलेला आहे आणि वायरिंग बरोबर आहे, हे तिन्ही एका फटक्यात कळतं.

वेगाचं गणितही डोक्यात असू द्या. ११५२०० बॉडला (सेकंदाला तेवढे बिट) स्टार्ट-स्टॉप धरून एका बाइटला १० बिट, म्हणजे साधारण ८७ मायक्रोसेकंद. ३० लाख बॉडला तोच बाइट ३.३ मायक्रोसेकंदांत जातो. १६ बाइटचा फिफो (पाठवायच्या बाइटची छोटी रांग) ११५२०० ला रिकामा व्हायला १.४ मिलिसेकंद लागतात. तेवढं न थांबता वेग बदलला, तर शेवटचे काही बाइट जुन्या वेगाऐवजी नव्या वेगाने जातात आणि समोर कचरा पोचतो.

बंद होण्याचे रस्ते एकापेक्षा जास्त

‘शटडाउन बिघडलंय’ एवढ्यावर कामाला लागू नका. आधी कोणता रस्ता बिघडलाय ते ठरवा, कारण प्रत्येक रस्त्याला वेगळा कोड चालतो.

पहिला रस्ता म्हणजे नुसता ब्लूटूथ बंद करणं, आरएफकिल किंवा ब्लूटूथसीटीएल या कमांडने. यात एचसीआय कोअर (होस्ट आणि चिप यांच्यातली ब्लूटूथची भाषा सांभाळणारा कर्नलचा भाग) आधी ड्रायव्हरचं ‘शटडाउन’ फंक्शन बोलावतो, तेव्हा चिपला कमांड पाठवता येते. मग ‘फ्लश’ आणि शेवटी ‘क्लोज’.

दुसरा रस्ता ड्रायव्हर काढण्याचा: मॉड्यूल उतरवणं किंवा अनबाइंड करणं (ड्रायव्हर उपकरणापासून सोडवणं). इथे फार जण फसतात. नोंदणी रद्द होत असल्याची खूण आधीच लागलेली असते, त्यामुळे कोअर ते ‘शटडाउन’ फंक्शन बोलावतच नाही. चिपचा पुरवठा फक्त तिथेच तोडत असाल, तर ड्रायव्हर गेला तरी चिप चालूच राहते. पुरवठा तोडायचं काम काढण्याच्या रस्त्यावरही लिहावं लागतं, आणि दोनदा बोलावलं गेलं तरी बिघडणार नाही असं लिहावं लागतं.

तिसरा म्हणजे पूर्ण यंत्रणा रीबूट किंवा पॉवरऑफ होणं. तेव्हा कर्नल ड्रायव्हरचं ‘रिमूव्ह’ बोलावत नाही, उपकरणाचं ‘शटडाउन’ बोलावतं. नाव एचसीआयमधल्या ‘शटडाउन’सारखंच असलं तरी फंक्शन वेगळं आहे, आणि कित्येक ड्रायव्हरांत ते लिहिलेलंच नसतं.

चौथा लाइन डिसिप्लिनचा, म्हणजे सिरियल पोर्टवर चढवलेल्या प्रोटोकॉलच्या थराचा. जुन्या पद्धतीत बीटीअटॅचसारखा प्रोग्राम टीटीवाय (लिनक्समधला सिरियल पोर्ट) उघडून धरतो आणि त्यावर एचसीआयची डिसिप्लिन, क्रमांक १५, चढवतो. तो प्रोग्राम मेला किंवा यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर उपसला, की खालून वर सगळं कोसळायला लागतं. कर्नल ४.११ पासून सर्डेव्ह आलं, म्हणजे कर्नलमधला ड्रायव्हर सिरियल पोर्ट थेट धरू शकतो. नवीन डिझाइन करत असाल तर सर्डेव्हच घ्या. मधला एक प्रोग्राम आणि त्याच्यासोबतच्या अर्ध्या भानगडी कमी होतात.

पाचवा रस्ता वीज तोडण्याचा. त्यात कुठलाच कोड चालत नाही. त्याचं शेवटी बघू.

तयारी

कन्सोल, म्हणजे कर्नलचे संदेश दाखवणारी लाइन, वेगळ्या यूआर्टवर घ्या. बंद होतानाची शेवटची ओळ नेटवर्कवरून कधीच मिळत नाही, कारण तोवर नेटवर्क गेलेलं असतं. रास्पबेरी पायवर ब्लूटूथ सहसा पीएल-०११ यूआर्टवर असतो आणि मिनी यूआर्ट कन्सोलला उरतो. मिनी यूआर्टचं घड्याळ कोअरच्या वारंवारतेवर चालतं, म्हणून ती वारंवारता पक्की करा, नाहीतर कन्सोलवर मध्येच चिनी अक्षरं उमटतील. यूएसबी कन्व्हर्टर ३.३ व्होल्टचाच हवा. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच कन्व्हर्टरांवर ५ व्होल्टचा जंपर असतो, तो हलवल्याशिवाय लावू नका.

८ चॅनेलचा, २४ मेगाहर्ट्झचा लॉजिक अनॅलायझर पुरतो. ३० लाख बॉडला एका बिटमागे ८ नमुने मिळतात. टीएक्स, आरएक्स, आरटीएस, सीटीएस आणि एनेबल अशा पाचही लाइन जोडा. टीएक्स-आरएक्स तेवढे जोडून बसणारे लोक नंतर दोन दिवस घालवतात.

चाचणीसाठी कर्नल वेगळं बांधा. त्यात मेमरीतल्या चुका पकडणारं केसॅन, लॉक तपासणारं प्रूव्ह लॉकिंग, टायमर आणि वर्कसाठी (नंतर चालवायला रांगेत टाकलेल्या कामासाठी) डीबग ऑब्जेक्ट्स, आणि अडकलेली टास्क शोधणारा डिटेक्टर चालू ठेवा. रॅमऊप्स लावलं तर शेवटचे लॉग रॅममध्ये राहतात आणि गरम रीबूटनंतर वाचता येतात. वीज गेली तर मात्र तेही जातात. हे कर्नल जड होतं, म्हणून बागेत पाठवायचं नाही.

दोष मुद्दाम घडवा

महिन्यातून एकदा येणारा दोष टेबलावर दर पाच मिनिटांनी यायला हवा, त्याशिवाय दुरुस्ती झाली की नाही ते कळणार नाही.

स्क्रिप्टचं सूत्र सोपं आहे: ट्रॅफिक चालू करा, थांबवा, ठरलेल्या विलंबाने बंद करा, पुन्हा चालू करा, रीसेटचं उत्तर आलं का बघा. विलंब शून्यापासून २५०० मिलिसेकंदांपर्यंत १०-१० ने वाढवा. २५१ फेऱ्या होतात, फेरीला पाच सेकंद धरले तर एकवीस मिनिटं. २५०० कशासाठी? क्वालकॉमच्या चिपसाठी असलेल्या एचसीआय-क्यूसीए ड्रायव्हरमध्ये होस्टचा टीएक्स निष्क्रियतेचा टायमर मुळात २००० मिलिसेकंदांचा आहे आणि चिपला उठवायचा संदेश पुन्हा पाठवणारा टायमर १०० मिलिसेकंदांचा. त्या दोन्ही क्षणांच्या आजूबाजूलाच माती खाल्ली जाते. त्याच ड्रायव्हरच्या डीबगएफएसमध्ये (तपासणीसाठीच्या फाइलींत) निष्क्रियतेचा विलंब बदलता येतो. तो २० मिलिसेकंदांवर आणला की टायमर सारखा उडतो आणि चुकीचा क्षण सापडण्याची शक्यता खूप वाढते.

तरीही दोष येत नसेल तर वर्क फंक्शनमध्ये, लॉक घेण्याच्या आधी, १५० मिलिसेकंदांची झोप तात्पुरती घाला. लॉक घेतल्यावर झोपायचं नाही, ते कर्नल सहन करत नाही. एवढ्याने कधीमधी येणारा दोष दरवेळी यायला लागतो.

बंद करायचे रस्ते आळीपाळीने वापरा: आरएफकिल, अनबाइंड, रीबूट. अनबाइंड सिसएफएसमधून (कर्नलने उपकरणांसाठी दाखवलेल्या फोल्डरांतून), सिरियल बसच्या खाली त्या ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये उपकरणाचं नाव लिहून होतं. बहुतेक बोर्डांवर नाव ‘सिरियल०-०’ असं असतं.

घड्याळ लावून लॉग वाचा

मागच्या बूटचे कर्नल लॉग काढा, ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’. पण लॉग वाचायच्या आधी मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बंद व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. आकडाच बरंच सांगून जातो.

दोन सेकंदांची अडखळ म्हणजे एचसीआय कमांडला उत्तर आलं नाही. लॉगमध्ये ‘कमांड ०एक्स०सी०३ टीएक्स टाइमआउट’ असं काहीतरी आणि उणे ११० हा एरर कोड दिसेल. दहा सेकंद असतील तर तो सेटअपमधल्या कमांडचा टाइमआउट आहे.

बरोबर तीस सेकंद म्हणजे टीटीवाय बंद होताना उरलेले बाइट जाण्याची वाट बघतंय. सिरियल पोर्टचा ‘क्लोजिंग वेट’ मुळात ३० सेकंदांचा असतो. सेटसिरियलमध्ये तो ३००० दिसतो, कारण तिथे एकक सेकंदाचा शंभरावा भाग आहे. चिपचा पुरवठा आधी तोडला आणि फ्लो कंट्रोल चालूच राहिला, तर सीटीएस वर जाऊन बसते. होस्ट शहाण्यासारखा थांबतो आणि मेलेल्या चिपच्या परवानगीची तीस सेकंद वाट बघतो.

नव्वद सेकंद म्हणजे सिस्टिमडी (सर्व्हिस चालू-बंद करणारा लिनक्सचा प्रोग्राम) एखादी सर्व्हिस थांबण्याची वाट बघून कंटाळलं. ती खालच्या तीस सेकंदांतच अडकलेली नाही ना, हे आधी तपासा. एकशेवीस सेकंदांनी ‘टास्क ब्लॉक्ड’ आलं तर दोन लॉक एकमेकांत गुंतलेत, किंवा वर्कची वाट बघणाऱ्याने असं लॉक धरलंय जे त्या वर्कलाच हवं आहे. सिसआरक्यू-डब्ल्यू ही कर्नलची खास कमांड मारून अडकलेल्या टास्कचा माग काढा.

‘फ्रेम रीअसेंब्ली फेल्ड’ आणि उणे ८४ दिसलं तर आलेला पहिला बाइट ड्रायव्हरला ओळखू येणाऱ्या प्रकारांतला नव्हता. वेग न जुळणं हे सगळ्यात नेहमीचं कारण. बंद करून पुन्हा चालू केल्यावर एखादाच येत असेल, तर एनेबल पिन वर जाताना आरएक्सवर उमटलेला खोटा बाइट असू शकतो. तो दुर्लक्षित करता येतो.

क्रॅशच्या पत्त्यांत ६बी६बी६बी६बी दिसलं तर मोकळ्या केलेल्या मेमरीत कोणीतरी हात घातलाय. स्लबचं (कर्नलच्या मेमरी वाटपाचं) विष चालू असेल तर मोकळी जागा ६बी ने भरलेली असते. शेवटी १०० किंवा १२२ असलेला ‘डेड’ने सुरू होणारा पत्ता दिसला तर लिस्टमधून काढलेली वस्तू पुन्हा काढली गेली. आणि क्रॅशच्या मागात टायमर सॉफ्ट-आयआरक्यू असेल, ड्रायव्हरचं नाव कुठेच नसेल, तर पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे.

टायमर आणि वर्क यांचं गुऱ्हाळ

वीज वाचवण्यासाठी चिप आणि होस्ट दोघंही झोपतात. क्यूसीएच्या इन-बँड स्लीपमध्ये त्यासाठी एकेका बाइटचे निरोप आहेत: एफई म्हणजे झोपतो, एफडी म्हणजे ऊठ, एफसी म्हणजे उठलो. पाठवायचं काही आलं आणि चिप झोपलेली असली, तर ड्रायव्हर एक वर्क रांगेत टाकतो. ते वर्क एफडी पाठवतं आणि १०० मिलिसेकंदांचा टायमर लावतं, एफसी आलं नाही तर पुन्हा एफडी पाठवायला. दुसरीकडे निष्क्रियतेचा टायमर उडाला की तो घड्याळ बंद करण्याचं वर्क रांगेत टाकतो. म्हणजे वर्क टायमर लावतं, टायमर वर्क टाकतो. दोघं एकमेकांना उठवत राहतात.

आता ‘क्लोज’मध्ये आधी टायमर काढला आणि मग वर्कची रांग मोडली, असं धरा. शून्याव्या मिलिसेकंदाला एक पॅकेट आलं, चिप झोपलेली, उठवायचं वर्क रांगेत गेलं. पहिल्या मिलिसेकंदाला क्लोज सुरू झालं. टायमर काढायला गेलात तर काढायला काहीच नव्हतं, तो लागलेलाच नव्हता. दुसऱ्या मिलिसेकंदाला रांग मोडताना कर्नल आत उरलेली कामं पूर्ण करून घेतं. त्या ओघात ते वर्क चाललं, एफडी पाठवलं आणि टायमर लावला. पाचव्या मिलिसेकंदाला मेमरी मोकळी झाली, क्लोज संपलं, सगळे खूश. एकशे दोनाव्या मिलिसेकंदाला टायमर उडाला आणि जी जागा आता दुसऱ्याच कोणाची आहे तिथे लिहून आला. क्रॅश कधी लगेच होतो, कधी तासाभराने फाइल सिस्टिममध्ये होतो. म्हणून शोधायला इतका वेळ लागतो.

मग क्रम उलटा केला तर? आधी रांग मोडा, मग टायमर काढा. हा उपाय खरंच केला गेला होता आणि तो अर्धाच निघाला. रांग मोडल्यावर आणि टायमर काढण्याच्या आत टायमर उडाला, तर तो मोडलेल्या रांगेत काम टाकतो. पुन्हा क्रॅश. शिवाय तिसरा खेळाडू आहेच: उशिरा आलेला एफसी. वाचणाऱ्या बाजूने तो मिळाला की ड्रायव्हर थांबलेली पॅकेट पुढे सरकवतो आणि निष्क्रियतेचा टायमर लावतो.

म्हणजे प्रश्न नुसता क्रमाचा नाही. काढलेला टायमर पुन्हा लावता येतो, हा मूळ दोष. त्यासाठी कर्नल ६.२ मध्ये ‘टायमर शटडाउन सिंक’ आलं. ते चालू असलेला कॉलबॅक संपेपर्यंत थांबतं, टायमरमधला फंक्शनचा पत्ता पुसून टाकतं, आणि त्यानंतर कोणी ‘मॉड टायमर’ केलं तर कर्नल मुकाट्याने दुर्लक्ष करतं. एचसीआय-क्यूसीएची खरी दुरुस्ती याच फंक्शनने झाली. क्रम असा लावा.

सर्वात आधी दार. प्रोटोकॉल तयार असल्याची खूण लिहिण्याच्या लॉकखाली काढा, म्हणजे वाचणारी आणि पाठवणारी बाजू दोन्ही आत शिरणं थांबेल. ठिबकच्या पंपासारखंच आहे: पंप चालू ठेवून व्हॉल्व्ह बंद केलेत तर पाइप फाटतो. मग टीएक्सच्या रांगांमधली पॅकेट टाकून द्या. मग दोन्ही टायमरांवर ‘टायमर शटडाउन सिंक’. त्यानंतर वर्कची रांग मोडा. आतलं वर्क चालेल, टायमर लावायचा प्रयत्न करेल, लागणार नाही. अर्धवट आलेलं आरएक्स पॅकेट सोडा, खासगी मेमरीचा पॉइंटर रिकामा करा, आणि अगदी शेवटी मेमरी मोकळी करा.

पथ्यं तीन. टायमरचा कॉलबॅक जे लॉक घेतो ते हातात धरून हे फंक्शन बोलवायचं नाही, कायमचं अडकेल. कॉलबॅकच्या आतून स्वतःलाच शटडाउन करायचं नाही. आणि ‘ओपन’मध्ये टायमर पुन्हा ‘टायमर सेटअप’ने उभा करायला विसरायचं नाही, कारण शटडाउन झालेला टायमर आपोआप जिवंत होत नाही. तिसरं विसरलं तर लक्षण गमतीशीर दिसतं: पहिल्यांदा सगळं छान, एकदा बंद-चालू केल्यावर चिप झोपतच नाही आणि बॅटरी उतरते.

बोर्ड बनवणाऱ्याने दिलेलं कर्नल ५.१० किंवा ५.१५ वर अडकलेलं असेल आणि हे फंक्शन त्यात नसेल, तर स्वतःची ‘बंद होतंय’ खूण ठेवा. प्रत्येक ‘मॉड टायमर’ (टायमर लावणारं फंक्शन) स्पिनलॉकखाली, ती खूण बघूनच. बंद करताना त्याच स्पिनलॉकखाली खूण लावा, लॉक सोडा, मग ‘डेल टायमर सिंक’, मग रांग मोडा. नुसतं ‘डेल टायमर’ कधीच नको. दुसऱ्या कोअरवर चालू असलेल्या कॉलबॅकसाठी ते थांबत नाही. एकही ‘मॉड टायमर’ खुणेच्या तपासणीतून सुटला तर ही सगळी मेहनत पाण्यात, म्हणून ग्रेप मारून (कोडमध्ये शोधून) एकेक मोजा.

वर्कच्या बाबतीत ‘कॅन्सल वर्क सिंक’चीही तीच उणीव: रद्द केलेलं वर्क कोणीतरी पुन्हा रांगेत टाकू शकतं. ६.१० पासून ‘डिसेबल वर्क सिंक’ आहे, ते पुन्हा टाकू देत नाही.

शेवटचे बाइट आणि फ्लश नावाची फसवणूक

बंद होण्याआधी चिपला शेवटची कमांड पाठवायची असते. क्यूसीएच्या शटडाउनमध्ये आधी एफडी, म्हणजे चिप जागी होईल, आणि मग ‘०१ ०० एफसी ०१ ०५’ हा रीसेट जातो. मध्ये आणि नंतर काही मिलिसेकंदांची उसंत असते. झोपलेल्या चिपला थेट रीसेट पाठवला तर पहिले बाइट उठण्यातच वाया जातात.

इथे नावांनी घोळ होतो. सर्डेव्हचं ‘राइट फ्लश’ उरलेले बाइट पाठवत नाही, फेकून देतं. पाठवून होईपर्यंत थांबायचं असेल तर ‘वेट अन्टिल सेंट’. यूजरस्पेसमध्ये (कर्नलबाहेरच्या प्रोग्रामांत) टीसीफ्लश आणि टीसीड्रेन यांचंही तसंच. रीसेट लिहून लगेच फ्लश केलेला कोड सर्रास सापडतो. अनॅलायझर लावला तर वायरवर काहीच नसतं. ‘वेट अन्टिल सेंट’ला मर्यादा द्या, १०० मिलिसेकंद पुरेत. शून्य दिलं तर ते कायमचं थांबतं.

आणखी एक खोच: ‘एचसीआय यूआर्ट सेट फ्लो कंट्रोल’ला ‘ट्रू’ दिलं की फ्लो कंट्रोल बंद होतो. उलटं वाटतं, पण तसंच आहे. त्यामुळे नवीन माणूस ‘फॉल्स’ लिहून मोकळा होतो आणि वरच्या तीस सेकंदांत जाऊन बसतो.

एकूण क्रम: कमांड, पाठवून होईपर्यंत मर्यादित वाट, फ्लो कंट्रोल बंद, उरलंसुरलं फेका, एनेबल खाली, चिपच्या डेटाशीटप्रमाणे थांबा, पोर्ट बंद.

चिप खरंच मेली का

गरम रीबूटमध्ये बोर्डाचा पुरवठा जात नाही. एनेबल पिन खाली गेली नाही तर चिपमध्ये जुनं फर्मवेअर आणि ३० लाखांचा वेग तसाच राहतो. होस्ट मात्र ११५२०० ने बोलायला सुरुवात करतो. होस्टचा एक बिट म्हणजे चिपचे २६ बिट. तिला तो ब्रेक किंवा फ्रेमिंगची चूक वाटते आणि ती गप्प बसते. बागेतल्या त्या सकाळच्या तक्रारीमागे बहुतेक हेच असतं, आणि प्लग काढल्यावर चालतं तेही याचमुळे. इलाज दोन्हीकडे करा: उपकरणाच्या शटडाउनमध्ये एनेबल खाली न्या, आणि चालू होताना चिप कुठल्याही अवस्थेत असेल असं धरून एनेबल आधी खाली, थोडी वाट, मग वर.

एवढं करूनही चिप रीसेट होत नसेल तर मल्टीमीटर घ्या. यूआर्टची लाइन निष्क्रिय असताना वरच्या पातळीवर असते. चिपचा पुरवठा तोडला तरी होस्टच्या टीएक्स आणि आरटीएसमधले ३.३ व्होल्ट चिपच्या संरक्षक डायोडांतून तिच्या पुरवठ्यात झिरपतात. पुरवठा शून्याजवळ यायच्या ऐवजी व्होल्ट-दीड व्होल्टवर लोंबकळताना दिसला, तर हीच गळती. चिप अर्धवट शुद्धीत राहते. बंद असताना होस्टच्या त्या पिना खाली किंवा इनपुटवर नेणारी पिनकंट्रोलची ‘स्लीप’ अवस्था डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डाचं वर्णन असलेल्या फाइलीत) द्या. पीसीबी पुन्हा काढणार असाल तर मालिकेत रेझिस्टर किंवा बफर टाका. नुसत्या सॉफ्टवेअरवर रात्री जागवण्याआधी हे मोजमाप करा, पाच मिनिटांचं काम आहे.

वरचे प्रोग्राम

सिस्टिमडी सर्व्हिस थांबवताना सुरू करण्याच्या उलट क्रमाने जातं. तुमच्या गेटवेच्या युनिट फाइलमध्ये ‘आफ्टर’च्या ओळीत ब्लूटूथ सर्व्हिस लिहिली की बंद होताना गेटवे आधी थांबेल, ब्लूटूथ नंतर. बीटीअटॅच वापरत असाल तर तोही याच साखळीत बसवा. तो मध्येच मारला गेला तर पोर्ट सगळ्यांच्या हातातून सुटतो. थांबायची मर्यादा ९० वरून १५ सेकंदांवर आणा. पण खालचा दोष दुरुस्त झाल्यावरच, कारण तोवर ती मर्यादा नुसतं पांघरूण घालते.

बॅटरीची कटऑफ पातळी अशी ठेवा की बंद व्हायला लागणाऱ्या मोजलेल्या वेळेच्या किमान दुप्पट वेळ शिल्लक असेल. हिवाळ्यात निफाडकडे पहाटे पारा बराच खाली येतो आणि थंड बॅटरी टेबलावरच्या आकड्याएवढा वेळ देत नाही.

वीजच गेली तर

इथे ड्रायव्हरकडून काही होणार नाही. एनेबल पिनवर ग्राउंडकडे पुल-डाउन रेझिस्टर असू द्या, म्हणजे होस्ट उठेपर्यंत चिप बंदच राहील. पिन तरंगत असेल तर चिप होस्टच्या आधी उठून आरएक्सवर कचरा ओतते. वीज एक-दोन सेकंदांसाठी लुकलुकली तर कॅपॅसिटरमधला भार उतरत नाही आणि चिपचं पॉवर-ऑन रीसेट चुकतं. म्हणून चाचणीत प्लग नुसता काढून लावू नका. रिले लावून ५० मिलिसेकंद, २००, ५००, १ सेकंद, ५ सेकंद असे खंड द्या, प्रत्येकी किमान पन्नास वेळा. दर वेळी उठल्यावर आधी सांगितलेले ते सात बाइट आले का, एवढंच नोंदवा. ज्या खंडाला एकदाही चुकलं, तिथे चालू होतानाची एनेबल खाली ठेवायची वाट वाढवा आणि तोच खंड पुन्हा पन्नास वेळा घ्या.